गेल्या वर्षीच्या फांद्या

कात्री आणली असेल तर या, अगदी वेळेवर आलात. बोलतोय तो इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या या दगडी घराच्या दारावर चढलेला म्हातारा वेली गुलाब.

मला म्यूरिएलने लावलं, नवी नवरी असताना. आम्ही वेली गुलाब वर्षातून एकदाच फुलतो, जूनमध्ये, जेमतेम तीन आठवडे. तेव्हा तिला जेवणाची शुद्ध नसे. सकाळच्या गारव्यातच अर्धवट उमललेल्या कळ्या कापायची, खालची पानं काढायची आणि देठ खोल बादलीत बुडवून अंधाऱ्या खोलीत ठेवायची. गावातल्या कितीतरी नवऱ्या मुली मला हातात धरून चर्चमध्ये गेल्या. नवऱ्याला, नॉर्मनला, मात्र ती दटावायची, "माझ्या गुलाबांना हात लावलास तर बघ. तू आपले बटाटे सांभाळ."

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, तिने अंथरूण धरलं. नॉर्मनला म्हणाली, "जूनचा बहर तेवढा उशाशी ठेव. मग मी जायला मोकळी."

बिचारा नॉर्मन. भरपूर फुलं यावीत म्हणून मार्चमध्ये त्याने मला इतर गुलाबांसारखं गुडघ्यापर्यंत छाटलं. आम्हाला फुलं येतात ती गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. त्या सगळ्या त्याने परसात जाळल्या.

म्यूरिएल वरच्या खिडकीतून बघत होती. ती रडली. त्याने वर पाहिलं तोवर तिने डोळे पुसले होते.

"कसं झालंय गं?"

"छान झालंय. वर ये आता, चहा गार होतोय."

जूनमध्ये माझ्यावर नुसता पाला. नॉर्मन रोज पानं उलटून बघायचा. "अजून एकही कळी नाही गं."

"यंदा थंडी लांबली," ती म्हणायची. "येतील."

महिना संपायच्या आत ती गेली. शवपेटीवर दुकानातली, वास नसलेली फुलं होती.

यंदा मी मरणाचा फुललोय. परवा शेजारची बेरिल कुंपणावरून म्हणाली, "मागच्या वर्षी छाटला होतास की काय रे? मार्चमध्ये वेलीला कात्री लावली की त्या जूनला फूल नाही. म्यूरिएल तर आम्हा सगळ्यांना बजावायची." नॉर्मन तिथेच पायरीवर बसला.

तेव्हापासून तो मागच्या दाराने ये-जा करतो. माझ्या पाकळ्या उंबऱ्यावर सडतायत. मला त्याच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. जरा मागच्या दारी जा. म्हणावं, तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी तिने तुला चहाला वर बोलावलं. कात्री घे, कबरीवर जा. बहराचा हा शेवटचा आठवडा आहे.