हार्लनने पाहिलेले तीन ऑपेरे

हार्लन ट्वेटला खोट्याची चीड होती, आणि ती चीड त्याने कधी झाकून ठेवली नाही. लेक आल्मा गावात बर्फावरच्या मासेमारीची स्पर्धा भरली की तराजूपाशी पंच म्हणून वर्षानुवर्षं तोच बसायचा. याच फेब्रुवारीत त्याने बायकोच्या सख्ख्या भावाला, स्किपला, भर स्पर्धेत बाद केलं होतं. स्किपने हातभर लांब वॉलाय मासा आणून ठेवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हार्लनने शांतपणे माशाचा कल्ला उचलून आतून एक गोठलेला मटारचा दाणा बाहेर काढला. ‘आपल्या तळ्यात मटार पिकत नाही,’ एवढंच तो म्हणाला. मासा घरच्या फ्रीजरमधून आलेला होता. तेव्हापासून सगळं गाव स्किपला ‘मटार’ म्हणायला लागलं, आणि स्किप दाजी कधी घसरतात याची वाट बघत बसला.

दाजी ऑक्टोबरात घसरले, ते घरातल्या घरात, स्वयंपाकघरातल्या फोनवर.

जेवायची वेळ होती. लव्होनने कीमा आणि बटाट्यांचं हॉटडिश नुकतंच ओव्हनमधून काढलेलं. फोन वाजला. कुठल्याशा पाहणीची बाई होती. आवाज इतका गोड की हार्लनला फोन ठेववेना. सामान्य माणसं कलेसाठी घराबाहेर किती पडतात हे तिला जाणून घ्यायचं होतं.

“गेल्या बारा महिन्यांत एखाद्या चित्रसंग्रहालयात गेला होतात?”

“नाही बा.”

“शून्य,” बाई गोडपणे म्हणाली. “जॅझची मैफल?”

“नाही.”

“शून्य. नाटक?”

“छे.”

“शून्य. बॅले?”

हार्लनला हायसं वाटलं. “बॅले पाहिला की! ख्रिसमसला. नात उंदीर झाली होती. पहिल्या रांगेतला उंदीर.”

“वा, छान! कुठे झाला हो?”

“तिच्या शाळेत.”

“शाळेतले कार्यक्रम धरायचे नाहीत, अशी सूचना आहे मला,” बाईला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. “म्हणजे… शून्य.”

आता माणूस किती शून्यं सहन करणार? हार्लनने आयुष्यभर घरांना छपरं घातली, दोन पोरं शिकवली, चर्चच्या तळघरातली भट्टी स्वखर्चाने बदलून दिली, आणि ही कोण कुठली बाई त्याला भोपळ्यामागून भोपळे देत होती. आणि तेही इतक्या गोड आवाजात. नात उंदीर झाली ते तिने मोडीत काढलं, हे तर त्याच्या फारच वर्मी लागलं.

“ऑपेरा?” बाईने विचारलं.

“तीनदा,” हार्लन म्हणाला.

“अय्या, तीनदा! बरेच दर्दी दिसता.”

“आवडतो मला,” हार्लन म्हणाला, आणि छाती थोडी फुगवून त्याने फोन ठेवला. वळून बघतो तर लव्होन हातात पळी घेऊन उभी.

“कुणाबरोबर?” तिने विचारलं.

आता इथे हसून ‘अगं, थापा मारत होतो’ म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ज्याने मेव्हण्याच्या माशातून मटार काढला, त्याने बायकोसमोर खोटारडं कसं ठरायचं? एकीकडे खोटारडेपणा, दुसरीकडे परक्या बाईबरोबर फिरल्याचा संशय. दोन्हींतलं कमी वाईट काय ते त्याला पटकन ठरवता येईना, म्हणून त्याने तिसरंच काढलं.

“एकटाच,” तो म्हणाला. “गुरुवारी. बोलिंगचा खेळ रद्द व्हायचा तेव्हा.”

“असं होय,” लव्होन म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात हॉटडिश वाढलं. नेहमीपेक्षा जास्तच वाढलं. आमच्याकडच्या बायका भांडत नाहीत, वाढतात, आणि त्यातून ज्याने समजायचं ते समजावं.

रविवारपर्यंत गावभर झालं. चर्चनंतर कॉफीच्या टेबलाशी पास्टर सॉल्वेगबाई स्वतः चालत त्याच्याकडे आल्या.

“हार्लन, तू तर छुपा रुस्तम निघालास! लव्होन सांगत होती. अरे, मग आम्हालाही ने की. बायकांच्या मंडळाची दरवर्षी एक बस निघतेच. या वेळी कॅसिनोला नको, ऑपेराला जाऊ. बसमध्ये माईकवरून तू सगळं समजावून सांगशील.”

हार्लनने लव्होनकडे बघितलं. ती लिंबाच्या वड्यांचे चौकोन कापण्यात गुंग होती.

“दाजी,” मागून स्किपचा आवाज आला, मध लावलेला, “माझं नाव पहिलं घाला. मला फार दिवसांपासून उत्सुकता होती. तुमच्या शेजारचीच सीट द्या.”

पुढचे दिवस हार्लनने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. ऑपेराचं नाव काहीतरी इटालियन होतं आणि ते त्याला उच्चारताही येत नव्हतं. वाचनालयात जाऊन पुस्तक काढावं तर वाचनालयात स्किपची बायको कामाला. कबूल करावं असं रोज सकाळी दाढी करताना वाटायचं, आणि रोज गालावरचा साबण पुसता पुसता तो विचारही पुसला जायचा. लव्होन मात्र कधी नव्हे ती खुशीत होती. तिने निळा ड्रेस काढून इस्त्रीला टाकला. घरात गुणगुणत फिरायची. तिला एवढं खूश बघून हार्लनला आणखीच घाम फुटायचा.

नोव्हेंबरातल्या शनिवारी बस भरून निघाली. मांडीवर वड्यांचे डबे, पायाशी कॉफीचे थर्मास. गाव मागे पडल्यावर सॉल्वेगबाईंनी माईक त्याच्या हातात दिला. स्किप सरसावून बसला.

“तर,” हार्लन म्हणाला, “एक मुलगी असते.”

“नाव काय?” स्किप.

“इटालियन आहे नाव. तिला एक तरुण आवडतो, पण घरच्यांना दुसरा पसंत असतो. त्यामुळे तिघेही गातात. आधी एकेकटे, मग सगळे एकदम, त्यामुळे कुणाचंच कुणाला कळत नाही.”

“आमच्या घरी थँक्सगिव्हिंगला असंच होतं,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि बस हसली.

“आणि शेवटी, दाजी?”

“शेवटी कुणीतरी मरतं. कोण ते सांगत नाही. सांगितलं तर तुमची मजा जाईल.”

टाळ्या पडल्या. स्किपचा चेहरा उतरला. हार्लनने कपाळ पुसलं. लव्होन खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

आणि खरं सांगायचं तर नशिबाने हार्लनला जवळजवळ पार नेलं. पडदा उघडला, एक मुलगी आली, तिला एक तरुण आवडत होता आणि बापाला तो डोळ्यासमोर नको होता. ‘दाजींना सगळं पाठ आहे,’ असं कुजबुजत स्किपने स्वतः मान हलवली. हार्लनला गाण्यातलं काही कळलं नाही. तो आपला घड्याळाकडे बघत होता. शेवटी बाप ओरडला, तरुण तलवार फेकून निघून गेला, मुलगी लांबच लांब गायली आणि धाडकन आडवी पडली. पडदा पडला. दिवे लागले. लोक उठले.

इथे हार्लनच्या आयुष्यभराच्या सवयीने घात केला. बेसबॉलचा सामना असो, काउंटीची जत्रा असो की पोरांच्या पदवीदानाचा समारंभ, पार्किंगमध्ये गाड्यांची गर्दी होण्याआधी बाहेर पडायचं, हा त्याचा नियम. अख्ख्या लेक आल्माचाच तो नियम आहे म्हणा ना. शेवट हुकला तरी चालेल, पण गाडी अडकता कामा नये.

“चला, चला, बसकडे!” हार्लन उठला. “पटपट. आपणच पहिले निघू.”

“संपलं?” स्किपने विचारलं. “कुणी मेलं कुठे?”

“ती पडली ना आडवी? मेलीच ती. कोट घे.”

सगळी मंडळी आज्ञाधारकपणे त्याच्यामागून निघाली; लव्होन तेवढी सगळ्यांत शेवटी, मागे वळून बघत. दालनात लोक हातात ग्लास घेऊन गप्पा मारत उभे होते. शहरातल्या लोकांना घाईच नसते, असं सॉल्वेगबाईसुद्धा म्हणाल्या. बसमध्ये सगळे कमालीचे खूश. वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर आटोपलं, गाण्याचं कळलं नाही तरी गोष्ट कळली, आणि बायकांच्या प्रसाधनगृहासमोर रांगही लागली नाही. डबे उघडले. स्किपनेच हार्लनला एक वडी पुढे केली.

“इतक्यात आलात?” ड्रायव्हरने विचारलं. “मला तर साडेदहा सांगितले होते.”

हे फक्त हार्लनने ऐकलं. त्याने काचेतून समोर बघितलं. त्या उजळलेल्या दालनात कसलीशी घंटा वाजली असावी, कारण लोकांनी ग्लास ठेवले आणि सगळेच्या सगळे परत आत जायला लागले.

हार्लनला कळलं. पण बाकी कुणालाच कळलं नव्हतं! ड्रायव्हर दार लावत होता. तोंड मिटून बसलं की झालं. तासा-दोन तासांत घर, आणि त्याचं नाव पूर्वीसारखंच स्वच्छ राहणार. तो सीटवर बसला आणि शेजारी बघितलं. निळ्या ड्रेसमधली लव्होन पर्स मांडीवर धरून त्या दालनाकडे बघत होती. तिच्या हातात रुमाल होता, आणि तो भिजलेला होता.

हार्लनला स्वतःची लाज वाटली. इतकी की त्यापुढे स्किपचीही भीती वाटेना. तो उठला आणि माईक घेतला.

“मंडळी,” तो म्हणाला, “ते संपलेलं नाही. ते मध्यंतर होतं. मला कळलं नाही, कारण मी जन्मात कधी ऑपेरा पाहिलेला नाही. फोनवर थाप मारली. मग बायकोला मारली. मग तुम्हाला सगळ्यांना.”

“जरा वेगळंच झालं हे,” कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे चारचौघांत याहून कडक शब्द वापरत नाहीत.

स्किप मात्र उभा राहिला. ज्याची महिनोन्महिने वाट पाहिली तो क्षण असा वडीच्या डब्यासमोर आलेला. “दाजी!” तो ओरडला. “तुमच्या कल्ल्यात तर अख्खं मटारचं शेत निघालं!”

“खाली बस, स्किप,” सॉल्वेगबाई म्हणाल्या. त्या लालबुंद झाल्या होत्या. “तो फोन मलाही आला होता. मी दोनदा सांगितलं.”

“तुम्ही? पास्टर असून?”

“ती बाई इतक्यांदा शून्य म्हणाली रे!”

मग मागच्या सीटवरून एक हात वर आला, आणि त्याच्यामागून आणखी. त्या पाहणीत लेक आल्माने मोठमोठ्या शहरांना मागे टाकलेलं असणार, यात शंका नाही. शेवटी सगळे स्किपकडे बघायला लागले.

“मी ऑपेरा नाही सांगितला,” स्किप पुटपुटला. “बॅले सांगितला. चारदा.”

त्यानंतर बसमध्ये जो हशा पिकला त्यात लव्होन केव्हा उतरली ते हार्लनच्या लक्षातच आलं नाही. ती निळ्या ड्रेसवर कोट टाकून बर्फातून तरातरा परत निघाली होती. तो तिच्यामागे धावला. बाकी कुणी उठलं नाही. एकदा बसमध्ये बसलं की बसलं, आणि कॉफी अजून गरम होती.

आतली दारं बंद झालेली. उशिरा येणाऱ्याला मध्ये सोडत नाहीत, असं दारावरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं आणि दालनाच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या टीव्हीकडे बोट दाखवलं. आतलं रंगमंचावरचं तिथे दिसत होतं, तळहाताएवढं. लव्होन जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. हार्लन धापा टाकत तिच्या शेजारी. ती आडवी पडलेली मुलगी ठणठणीत उठून गात होती.

“मेली नाही तर,” हार्लन म्हणाला.

“आत्ता नाही. अजून एक अंक आहे. तिचा भाऊ पत्र दडवतो, मग ती मरते.”

“तुला कसं माहीत?”

“हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी रेडिओवर लागतो ऑपेरा. तू तळ्यावर असतोस. घरात कुणी नसतं, मोठ्याने लावते.” तिची नजर पडद्यावरून हलली नाही. “लग्न झाल्यापासून ऐकते. हा तर पाठ आहे मला.”

हार्लन तिच्याकडे वळला. “मग त्या बाईचा फोन तुला आला असता, तर काय सांगितलं असतंस?”

“आला होता ना. तू दुकानात गेला होतास. शून्य सांगितलं.”

“शून्य?”

“गेले कुठे होते मी कधी?”

पडद्यावर मुलीचा आवाज उंच उंच चढत गेला आणि लव्होनचे ओठ त्या आवाजाबरोबर हलले. एवढ्या वर्षांत हार्लनने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी एक शंकाही आली.

“लव्होन. मी थाप मारली, हे तुला कळलं होतं?”

“तू ‘तीनदा’ म्हणालास त्याच क्षणी.”

“आणि तरी बोलली नाहीस? गावभर केलंस, बस ठरू दिलीस, माझ्या हातात माईक येऊ दिलास! महिनाभर मला झोप नाही!”

लव्होनने पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली आणि त्याच्याकडे बघितलं. रडून डोळे लाल झालेले, पण त्यात हसू मावत नव्हतं.

“बोलले असते,” ती म्हणाली, “तर तू मला इथे आणलं असतंस?”

हार्लनने टोपी काढून हातात धरली आणि तिच्या शेजारी उभा राहून शेवटपर्यंत बघत राहिला.