पित्रांत आलेले गोळे

भारतरावांची फ्रेंच गाडी सुरू झाली की आधी मागून उठायची, मग पुढून, आणि मखमलाबाद नाक्यावरची माणसं हातातला चहा विसरून बघत राहायची. मुंबईच्या लिलावातून आणलेली ती जुनी गाडी भारतरावांचा जीव की प्राण होती. फुलांच्या धंद्यात त्यांनी नाव काढलं, पण त्यांना ओळखायचे ते गाडीवरून. "आत पाण्याचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही," असं ते भेटेल त्याला सांगायचे. अलीकडे मात्र पेला कुणाला ठेवू देत नसत.

कारण गाडी दगड झाली होती. खड्डा लहान असो की मोठा, तो थेट मणक्यात शिरायचा. भारतराव म्हणायचे, "परदेशी गाडी जरा कडकच असते." आपली वस्तू बिघडू शकते, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

तेवढ्यात चांदवडला लेकीकडे राहायला गेलेल्या आई, वत्सलाबाई, ओट्यावरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, पण वाटेत हिसका बसता कामा नये."

"आपल्या गाडीत हिसका?" भारतराव हसले. त्यांची बायको मनीषा हसली नाही. तिनं गाडी गोटीराम मिस्त्रीकडे पाठवायला लावली.

गोटीरामनं प्रत्येक चाकावर अंगाचा सगळा भार टाकून गाडी दाबली. ती तसूभर हलली नाही. मग त्यानं इंजिनाला कान लावला. पंप सारखा टकटक करत होता.

"शेठ, गोळे मेले. चाकागणिक एक गोळा हाय, पंपापाशी एक. आत अर्धा गॅस, अर्धं तेल, मधी रबराचा पडदा. गॅस उडून गेला, आता धक्का खायला कोणीच नाय. नवे टाका, मग आईला पाळण्यात नेल्यागत न्या."

मुंबईहून नवे गोळे आले. गोटीराम पाना घेऊन उभा. भारतरावांनी खोक्यावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"पित्रं चालू आहेत. पित्रांत नवी वस्तू गाडीला लागणार नाही. घटस्थापनेला बसवू."

"अहो, आणि आईंना कशात आणणार?" मनीषानं विचारलं.

"गाडीतच. गादी टाकू की एक."

म्हणजे वाडवडिलांना राग येऊ नये म्हणून आईचा खुबा पणाला लावायचा! पण भारतरावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आपण धर्म पाळतोय याचं त्यांना बरंच वाटत होतं. चांदवडच्या वाटेवर पिंपळगाव येईपर्यंत त्यांची स्वतःची कंबर धरली, तरी ते रस्ता बांधणाऱ्यालाच शिव्या घालत राहिले.

चांदवडला गाडी ओट्यापाशी थांबली. वत्सलाबाई काठी धरून दारात आल्या. मनीषाचा फोन आधीच येऊन गेला होता.

"गोळे बसवले का रं?"

"आई, पित्रं चालू आहेत."

"माझ्या खुब्यात डॉक्टरनं पित्रांतच नवा गोळा बसवला की."

"तो त्यांनी बसवला. मी नाही."

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि कीव जास्त होती. "मी नाय बसायची यात," ती म्हणाली. "मला वर धाडायची लयच घाई असंल तर बसते. मग पुढच्या साली भाताचे पिंड नको करू. हेच गोळे माझ्या पानावर मांड, अन् कावळा शिवतो का बघ."

शेजारीपाजारी ओट्यावर जमले होते. कुणी हसलं नाही, हेच भारतरावांना जास्त लागलं. मागे बंद केलेली गाडी हळूहळू खाली बसत पार जमिनीला टेकली.

ते समोरच्या फोनच्या टपरीत शिरले. गोटीरामचा आवाज आला तसं त्यांनी तोंडावर हात धरला.

"गोटीराम, खोकं फोड. मी गाडी घेऊन येतोय, आजच बसवू." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आणि शटर तेवढं ओढून घे. वरून वाडवडिलांना दिसायला नको."