पाहणीसाठी ठेवलेलं यंत्र

बीडच्या फळबाजारात मकसूदभाईंचा गाळा होता. सीताफळाचा हंगाम आला की त्यांना धडकीच भरायची. आज कडक असलेलं फळ परवा मऊ पडायचं आणि चौथ्या दिवशी फेकून द्यावं लागायचं. त्यांची मुलगी खुशनुमा पॉलिटेक्निक शिकलेली. तिनं दोन वर्षं खटपट करून गर वेगळा काढणारं यंत्र बनवलं. त्यात बी फुटत नव्हती, त्यामुळे गर कडू होत नव्हता.

शहरात एका संस्थेनं नव्या उद्योजकांसाठी केंद्र काढलं होतं. खुशनुमाची तिथं निवड झाली. "जागा, मार्गदर्शन, व्यापाऱ्यांच्या गाठीभेटी, सगळं आमी बघतो," असं व्यवस्थापक रामेश्वर सर म्हणाले. तिनं यंत्र तिथं नेऊन ठेवलं.

केंद्रात काचेच्या भिंती होत्या, एसी होता, रंगीत खुर्च्या होत्या. खुर्च्यांवर संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे मोबाईल बघत बसायचे. पाण्याचा नळ मात्र कुठंच नव्हता. ती पिकलेली फळं घेऊन आली, तर सरांनी नाकाला रुमाल लावला.

"इथं नको. गालिचा खराब होईल. पाहणीला सरकारी पथक येणार हाय, तवर यंत्र चालवू नका."

"किती दिवस, सर?"

"आठवडाभर."

पथकाची तारीख तीनदा पुढं गेली. दर शनिवारी तिला तीन मिनिटांत बोलायचं कसं, हसायचं कसं हे शिकवत होते. तिकडं अब्बा रोज सकाळी सडलेली फळं फेकत होते.

शेवटी पथक आलं. यंत्र सरांनी स्वतः चालवलं. वाट्यांतून गर वाटला, फोटो निघाले. एका पाहुण्यानं विचारलं, "बी फुटत नाही, ते कसं जमवलं?" खुशनुमा पुढं झाली, तोच सर म्हणाले, "आमच्या टीमनं त्यावर लई काम केलंय." मग तिच्या हातात पाहुण्यांना द्यायचे गुच्छ ठेवले.

नंतर चार दिवस सुट्टी लागली. पाचव्या दिवशी तिनं दार ढकललं आणि घाण वास आला. यंत्रात उरलेला गर काळा पडला होता. त्यात अळ्या वळवळत होत्या. भिंतीवर पथकाचा मोठा फोटो लागला होता. त्यात सर होते, पुतणे होते, ती नव्हती.

"काहून कुणी धुतलं न्हाई, सर?"

"पाणी कुठं हाय इथं? आता चकाचक करून ठेवा. पुढच्या महिन्यात दुसरं पथक येतंय."

सडकी फळं ती लहानपणापासून बघत आली होती. अळ्यांची तिला कधी किळस वाटली नव्हती. या माणसाची वाटली.

"मी यंत्र नेते."

"केंद्राच्या यादीतून नाव जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

बाजारातला मेकॅनिक मुस्तकीम टेम्पो घेऊन आला. दोघांनी यंत्र उचललं. गालिच्यावर काळं पाणी सांडत गेलं. तिनं ते पुसलं नाही.

मांजरसुंब्याला मुक्ताबाईंचा ढाबा होता. त्यांनी मागची नळाची जागा दिली. हंगामाचे नऊच दिवस उरले होते. तेवढ्या दिवसांत खुशनुमानं आणि दोन बायांनी काढलेला सगळा गर बीडच्या एका आइस्क्रीमवाल्यानं उचलला.

डिसेंबरात रामेश्वर सरांचा फोन आला. "अहवालात तुमची यशोगाथा टाकतोय. ढाब्यावरचा एक फोटो पाठवा."

खुशनुमानं फोन ठेवला आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला.