इरम्माच्या बैठकीतला आवाज

पुण्याहून खोकं आलं तेव्हा बंडप्पांना वाटलं, पोरानं इन्व्हर्टरची बॅटरी पाठवली. वजन तेवढंच होतं. नंदीश दोन वर्षांसाठी परदेशी निघाला होता आणि गाणी ऐकायचं आपलं भारी यंत्र कुणाच्या गोदामात टाकायला त्याचं मन धजत नव्हतं. उमरग्याच्या वाटेवरच्या आपल्या घरी, बैठकीत त्यानं ते मांडलं, दोन्ही बाजूंना स्पीकर उभे केले आणि आईला म्हणाला, "अव्वा, अधूनमधून लावत जा. बंद ठेवू नको."

दोन वर्षांनी नंदीश परत आला, पण यंत्र न्यायची भाषा त्यानं काढली नाही. इरम्मानंही काढली नाही. बघता बघता सहा वर्षं झाली.

इरम्माला गाण्याचा नाद माहेरापासूनचा. तिच्या वडिलांकडं मोठा लाकडी रेडिओ होता. बटण दाबलं की तो आधी गरम व्हायचा, मग घसा साफ केल्यासारखा खरखरायचा आणि मग बोलायचा. त्याचं लायसन भरायला वडील पोस्टात जायचे. सासरी ट्रान्झिस्टर आला, पुढं टेप आला, त्याची फीत अडकली की ती पेन्सिलीनं गुंडाळत बसायची. त्या सगळ्यांत गाणं यायचं ते गावाच्या पलीकडच्या टोकाला कुणी गात असल्यासारखं.

या पेटीचं सगळंच निराळं. कॅसेट नाही, तबकडी नाही. रेडिओ, अँप्लिफायर, इंटरनेटवरची गाणी, सगळं त्या एका पेटीच्या पोटात. समोर तळहाताएवढी काच आणि एक गोल बटण. ते बटण नीट बसलेल्या जात्यासारखं फिरायचं, जड पण गुळगुळीत. पहिल्याच संध्याकाळी इरम्मानं मान वळवून मागं पाहिलं होतं, पाठीशी कोण येऊन बसलं म्हणून. कुणी नव्हतं. सूर लावण्याआधी गाणारीनं श्वास घेतला होता. इतकी वर्षं गाणी ऐकली, पण गाणारं माणूस श्वास घेतं हे तिला त्या दिवशी ऐकू आलं.

तेव्हापासून सकाळची लिंगपूजा झाली की जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं ती पेटी पुसायची आणि लावायची. तंबोऱ्याच्या तारेवरून बोट निघून गेल्यावर मागं जो गुणगुणता नाद राहतो, तोसुद्धा पेटी हातचं राखून न ठेवता द्यायची. वीज दहादा गेली तरी परत आल्यावर पेटी जिथं होती तिथं शांतपणे हजर. कधी मिस्त्री लागला नाही. घरात कन्नड बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. नंदीशनं एक कन्नड स्टेशन लावून दिलं आणि इरम्माच्या कानावर रोज माहेरची भाषा पडायला लागली. दसऱ्याला बंडप्पा ट्रॅक्टरला हार घालत, तेव्हा ती पेटीवर एक झेंडूचं फूल ठेवायची.

मग गेल्या उन्हाळ्यात बैठक नवी झाली. सून शुभांगीनं हौसेनं सगळं निवडलं. खाली आरशासारखी फरशी, वर पांढरं छत, भिंतीला काचेचं कपाट. भिंतीकडेची ज्वारी-सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी नव्या शेडात गेली. माळ्यावरच्या वाकळा, जुनी सतरंजी, बाजलं, सगळं बाहेर पडलं. गावातल्या बायका बघून गेल्या. इरम्मालाही बैठक आवडली.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी लावली. गाणारीचा आवाज फुटलेल्या घागरीतून आल्यासारखा आला. शब्दावर शब्द चढत होते. श्वास तर कुठंच नव्हता. तिनं बटण वाढवलं, तर नुसता गोंगाट वाढला.

पेटी बिघडली असं तिच्या मनात आलंच नाही. तिला आठवली आई. साठी उलटल्यावर आईचे कान गेले होते. सुरुवातीला घरातले तिच्याशी मोठ्यानं बोलत. मग कामापुरतं बोलायला लागले. मग तिला काय सांगायचं म्हणून तेही सोडलं. आई भिंतीला टेकून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसायची आणि माणसं हसली की आपणही हसायची.

आठ दिवसांत इरम्माची खात्रीच झाली. बैठकीत चार माणसं बोलायला लागली की तिला धड उमगेना. बंडप्पांनी सोफ्यावरून काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली, तर ते म्हणाले, "अगं, चहा घेऊ का पाणी घेऊ इचारलं, अन् व्हय काय म्हणतीस?" त्या दिवसापासून ती बैठकीत बसायचीच बंद झाली.

पेटीचा आवाज बंडप्पांनाही खटकला होता, पण इरम्माला वाटलं, आपण बटण वाढवतो म्हणून त्यांना गोंगाट होतो. त्यांनी पोराला फोन लावला. नंदीश म्हणाला, सहा वर्षं म्हणजे खूप झाली, येळवसीला येतो तेव्हा घेऊन जातो. देऊन टाकू कुणाला, आणि अव्वाला तोंडानं सांगितलं की गाणं लावणारा छोटा स्पीकर आणतो. इरम्माला पुढचं दिसत होतं. नवा स्पीकर येईल, तोही तिला फुटकाच ऐकू येईल, आणि मग सगळ्यांना कळेल.

येळवसीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, शेतात जेवायला सगळं गोत जमतं. आदल्या दिवशी नंदीश, शुभांगी आले, ढोकीहून बंडप्पांची बहीण सगळं घर घेऊन आली. झोपायला जागा बैठकीतच. शेडातल्या साऱ्या वाकळा, गाद्या, घोंगड्या आत आल्या. सकाळी माणसं आंघोळीला गेली आणि अंथरुणांची चळत भिंतीशी छातीएवढी उभी राहिली. उरलेल्या वाकळा नव्या सोफ्यावर, काचेच्या कपाटावर.

इरम्मा स्वयंपाकघरात येळवसीच्या मिसळभाजीला, भज्जीला, फोडणी देत होती. बांधून ठेवण्याआधी एकदा बघावं म्हणून नंदीशनं पेटी लावली.

तिच्या हातातलं उलथनं थांबलं. ती तशीच बैठकीच्या दारात आली. तंबोरा चालू होता, सगळ्या तारा वेगवेगळ्या, आणि मग सुराआधी तो श्वास.

नंदीश गोंधळून म्हणाला, "अप्पा, हे तर नव्यासारखं वाजतंय. ह्याला काय झालंय?"

बंडप्पा कानामागं हात धरून ऐकत राहिले. तेवढ्यात ढोकीची नणंद आवरायला लागली. चार वाकळा काखेत मारून ती बाहेर गेली, परत येऊन दोन गाद्या उचलल्या. आवाज पातळ व्हायला लागला.

"वन्सं, थांबा," इरम्मा म्हणाली. "ते समदं परत ठेवा."

मग घरभर हसू पिकलं. इरम्मा मधोमध उभी, आणि नंदीश-शुभांगी गाद्या नेतायत, आणतायत. गाद्या बाहेर, की घागर फुटकी. गाद्या आत, की गाणारी समोर. नंदीशनं कपाळावर हात मारला. पेटी होती तशीच होती. मोकळ्या भिंती आणि गुळगुळीत फरशीवर आवाज आपटून परत येत होता, एवढंच. शुभांगीचा चेहरा उतरला. पण सोफ्यावर बसून तिनं तो सूर संपेपर्यंत ऐकला आणि स्वतःच म्हणाली, इथं जाड सतरंजी घालू, भिंतीला पडदे लावू.

इरम्माला अजून एक बघायचं होतं. तिनं पेटी बंद करायला लावली, नणंदेला पार पलीकडच्या खिडकीपाशी उभं केलं आणि आपण पाठ फिरवली.

"वन्सं, हळू बोला कायतरी."

नणंद पुटपुटली, "माज्या भावाला सांभाळून तू लई वाळलीस गं."

इरम्मा सोफ्यावर बसली. पदर डोळ्यांना लावला. बाकीच्यांना वाटलं, नणंदेचं बोलणं लागलं. बंडप्पा मात्र जवळ आले. इतके दिवस ती बैठकीत का बसत नव्हती, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"कान गेले वाटलं व्हय तुला? मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर मोठ्यानं बोलायला लागला असता," ती म्हणाली. "तिथनंच सुरू होतंय सगळं."

ऊन वर आलं होतं, शेतावर जायचं होतं. पेटी बांधायला काढलेलं रिकामं खोकं नंदीशनं उचलून शेडात नेलं. इरम्मानं पदर खोचला, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं. पायरीवर उभ्या बंडप्पांनी बहिणीच्या कानाला लागून सांगितलं, "दरसाल बांधावर पाय घसरतो हिचा, निम्मी आंबील सांडती."

"ह्या साली सांडली तर तुमच्या धोतरावर सांडीन," इरम्मा अंगणातून म्हणाली आणि मागं न बघता चालायला लागली.