खिडकीखालची नक्षीदार कर्दळ

मी कर्दळ. या गल्लीतल्या जुन्या कर्दळींपैकी उरलेली शेवटची. शिंपीकाकांच्या खिडकीखाली उभी आहे आणि आज सकाळी मला काढणार आहेत. तेव्हा जे सांगायचं ते आत्ताच सांगून घेते.

गुलाबासमोर माणसं थांबतात, मोगऱ्याचा वास घ्यायला वाकतात. माझ्या वाट्याला तसलं कौतुक कधी आलं नाही. मला वास नाही. माझं फूल तोडून फुलदाणीत ठेवलं तर दुपारपर्यंत मान टाकतं. पण जिथे सांडपाणी साचतं आणि दुसरं काही तगत नाही, तिथे लोक म्हणतात, "कर्दळ लावा." मी तिथेही वाढते. केळीसारखी रुंद पानं काढते आणि सगळ्यांच्या वर लाल तुरा धरते. माझा तोरा म्हणाल तर तेवढाच.

माझा जन्म एका मोठ्या दवाखान्याच्या आवारात झाला. फाटकापासून पायरीपर्यंत आमची रांग होती. आत जाणारी माणसं आमच्याकडे बघत नसत, त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. बरी होऊन बाहेर पडणारी मात्र थांबत. झाड म्हणून काही असतं हे नव्यानेच कळल्यासारखी बघत राहत.

तिथे एक नर्स होती. तिची नोकरी संपली त्या दिवशी बरोबरच्यांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? ती सरळ माळ्याकडे आली आणि म्हणाली, "या लाल कर्दळीचा एक गड्डा दे मला."

माळी हसला. "सिस्टर, ही काय मागायची वस्तू आहे? उकिरड्यावर फेकली तरी येते."

"म्हणून तर मागतेय. झाडांच्या बाबतीत माझा हात वाईट आहे. निदान ही तरी जगेल."

ओल्या बँडेजच्या पट्टीत गुंडाळून तिने मला पर्समध्ये ठेवलं. अशी मी या गल्लीत आले.

सिस्टर एकटीच राहायची. इथेही तिला कुणी नावाने हाक मारत नसे, लहानथोर सगळे सिस्टरच म्हणत. कुणाचं बोट कापलं, कुणाला ताप भरला की आधी सिस्टरचं दार, मग डॉक्टरचं. तिने मला बाथरूमचं पाणी बाहेर पडतं तिथे लावलं. गड्डा आडवा, कोंब फुटायचे डोळे वर, त्यावर चार बोटं माती आणि मूठभर शेणखत. ऊन भरपूर होतं. मला आणखी काय हवं? फुलं संपली की ती तो दांडा बुडापासून कापायची, म्हणजे शेजारून नवा यायचा. गुंडाळलेल्या कोवळ्या पानात अळी शिरली की पान हळूच उलगडून चिमट्याने अळी काढायची आणि पुटपुटायची, "झालं हं, झालं." एवढ्या निगुतीने कर्दळीला कुणी वागवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्या जातीची एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. माझ्या गड्ड्याचे तुकडे करून वेगवेगळ्या दारांत लावले, तरी त्या वेगळ्या कर्दळी होत नाहीत. ती सगळीकडे मीच असते. म्हणून मला गल्लीतल्या प्रत्येक घरचं ठाऊक आहे.

एकदा सिस्टरने बाजारातून एक नवी कर्दळ आणली. तिच्या पानांवर पिवळसर रेघा होत्या. तशी एक पट्टेरी जात खरोखरच असते, लोक ती हौसेने लावतात. ही त्यातलीच असणार, असं सिस्टरला वाटलं. पुढच्या हंगामात आमच्या दोघींचेही गड्डे फार दाटले, तेव्हा तिने विभागणी करायला घेतली. आधी त्या नवीला कापलं. सुरी कमरेच्या फडक्याला पुसली आणि मग मला कापलं.

पुढे माझ्या नव्या पानांवरही तशाच रेघा उमटल्या. सिस्टरचा आनंद गगनात मावेना. तिने शिंपीकाकांना शिलाई मशीनवरून उठवून आणलं.

"बघा काका! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. वाण नाही पण गुण लागला!"

काकांनी पान उजेडात धरलं. "अगदी छापील कापड वाटतंय, सिस्टर. मीटरवर विकायला हरकत नाही."

बातमी पसरली. ज्यांनी मला आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं ते डबे आणि जुन्या बादल्या घेऊन दारात उभे राहिले. कर्दळीसाठी रांग! सिस्टर पाटावर बसून कापत होती, वाटत होती आणि प्रत्येकाला बजावत होती, "डोळे वर ठेवा हं, पाणी तोडू नका." तिला मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी लेकीला सासरी पाठवणाऱ्या आईसारखी ती दमलेली आणि खूश होती. मीही जरा फुशारले. पण पानातल्या त्या रेघा हिरव्या राहिल्या नव्हत्या, त्यामुळे उन्हातून अन्न करून मला पूर्वीसारखी भूक भागवता येत नव्हती. हे मी सांगणार कुणाला?

शेवटचा चांगला तुकडा तिने बाजूला काढून ठेवला होता. तो या खिडकीसाठी होता.

खिडकीच्या आत शिंपीकाकांच्या बायकोची खाट आहे. काकू कपडे वाळत घालून जिना उतरताना पडल्या, तेव्हापासून त्यांच्या कमरेखाली जीव नाही. घरात मशीन एका कोपऱ्यात, स्टोव्ह दुसऱ्या कोपऱ्यात आणि खाट खिडकीला लागून. समोर फक्त एक सिमेंटची भिंत दिसायची. सिस्टर रोज सकाळी त्यांचं अंग पुसायला यायची. तिनेच काकांना म्हटलं, "त्यांना बघायला काहीतरी हवं," आणि खिडकीखाली मला लावलं. माझं पहिलं पान गजांच्या वर आलं तेव्हा काकूंनी हात बाहेर काढून ते दोन बोटांत धरून पाहिलं.

पण हळूहळू सगळ्याच दारांतली मी खुजी होत गेले. रेघांच्या जागी पानं फाटायला लागली, कडा करपल्या, तुऱ्यावर डाग पडले. लोक म्हणाले, खत कमी पडत असेल. सिस्टरने खत दिलं, पाणी वाढवलं, जागा बदलली. शेवटी रोपं विकणाऱ्या एक बाई ही नक्षीदार कर्दळ बघायला म्हणून आल्या. लांबूनच बघितलं आणि पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"ही जात नाही हो, हा रोग आहे."

"मग औषध सांगा. फवारते."

"याला औषध नाही. मुळासकट काढून जाळायचं. चिकट्यासारखे रस शोषणारे बारीक किडेही एकीचा रोग दुसरीला देतात. आणि एक सांगा, तुम्ही कापलंत कशाने? प्रत्येक वेळी सुरी धुतलीत?"

सिस्टरने कापायची सुरी बाहेर आणली. जिने आख्खी नोकरी सुया उकळण्यात घालवली, एका रोग्याचा चिमटा दुसऱ्याला लावला म्हणून नव्या मुलींना रडवलं, ती त्या सुरीकडे बघत राहिली. गल्लीत जेवढी घरं, तेवढ्या घरांत तिने स्वतःच्या हाताने रोग नेऊन दिला होता, तोही भेट म्हणून. मला तिची फार दया आली. माणसाच्या अंगावर असा डाग दिसला असता तर ती लगेच सावध झाली असती. झाडाच्या अंगावर दिसला, तर नक्षी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार गेली. "माझी चूक झाली. तुमची कर्दळ आजारी आहे, मला काढू द्या." कुणी म्हणालं, एवढं काय, झाडच तर आहे. एकीने फटकारलं, "आधी गळ्यात मारायची आणि मग काढून न्यायची!" सिस्टरने एकेक गड्डा खणला, तुटकी मुळंसुद्धा वेचली, आणि दर घरानंतर सुरी उकळत्या पाण्यातून काढली. मागच्या मोकळ्या जागेत ती मला जाळत होती आणि इकडे उभी राहून मी बघत होते.

ही खिडकी मात्र ती टाळत राहिली. रोज अंग पुसायला यायची, माझ्याकडे न बघता आत जायची. काकाच एकदा दारात थांबवून हळू आवाजात म्हणाले, "आमची राहू द्या ना, सिस्टर. तिने दिवसभर दुसरं काय बघायचं? मी फाटक्याला ठिगळ लावतो, तुम्हीही लावा काहीतरी."

"लोकांनी नव्या कर्दळी लावल्यात, काका. ही राहिली तर त्याही जातील."

"मग तिला तुम्हीच सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

काल तिने सांगितलं. काकूंची पाठ पुसता पुसताच सांगितलं, त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून. काकू शांतपणे म्हणाल्या, "मला केव्हाच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तिला बरं नाही ते. अहो, दिवसभर दुसरा उद्योग काय मला? कड करपायला लागली तेव्हाच म्हटलं, ही काही नटलेली नाही. हिला दुखतंय."

"मग बोलला का नाहीत, काकू?"

"बोलले असते तर नेली असतीत. आणि सगळे तिला छान म्हणत होते. मलाही सगळे तेच म्हणतात की. तुम्हीसुद्धा रोज सकाळी दारातूनच म्हणता, काकू, आज छान दिसताय."

सिस्टरच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. मशीनचा आवाजही बंद झाला.

"उद्या काढा तिला," काकू म्हणाल्या. "पण उद्या अंग पुसताना मला आतल्या भिंतीकडे वळवू नका. मी बघणार आहे. जाताना कुणीतरी जवळ असावं, तुम्हाला मी काय सांगायचं?"

सिस्टरने मान हलवली. दवाखान्यात कितीजणांचे हात तिने शेवटपर्यंत धरले होते.

"त्या जागी दुसरी लावते, काकू. चांगली, निरोगी."

"लगेच नको. थोडे दिवस मोकळी राहू दे."

आता सकाळ झाली आहे. फावडं भिंतीला टेकवलेलं मला दिसतंय. तुम्हा वाचणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. कर्दळ जरूर लावा, शेजाऱ्यांना गड्डेही द्या, देण्यासारखं सुख नाही. पण आमच्या पानावर काही वेगळं उमटलं तर कौतुक करायच्या आधी जरा जवळ येऊन नीट बघा. आम्हाला बोलता येत नाही. ज्यांना येतं, त्यांनाही कुणीतरी विचारावं लागतं.

सिस्टर आली. रोजच्यासारखी दारातून काही म्हणाली नाही. सरळ खाटेपाशी गेली, काकूंना उशीला टेकवून खिडकीकडे बसवलं, आणि स्वतः समोर बसून विचारलं, "काकू, कसं वाटतंय? खरं सांगा."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दुखतंय हो. फार दुखतंय."

"कुठे?"

काकू सांगत राहिल्या. काका मशीनवरून उठून खाटेशी आले, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सिस्टर मधे एकदाही "होईल बरं" म्हणाली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने काकूंचं तोंड पुसलं, स्वतःचंही पुसलं आणि बाहेर आली.

फावडं आत शिरलंय. काकूंनी गजांतून हात काढून माझं पान दोन बोटांत धरलंय. सिस्टर दुसऱ्या बाजूने खणतेय, ते पान काकूंच्या हातून लवकर सुटू नये म्हणून. निरोप घेताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, असं तुमच्यात म्हणतात. पण या खाटेपाशी आज सगळ्यांनी खरं तेच बोलायचं ठरवलंय.

काकू, मी जाते.