वीतभर अंतर

पहिलं फळ खुडून खाली टाकताना नोएलियाला कुणाचा तरी कान पिरगाळल्यासारखं वाटलं. दुसऱ्यालाही तसंच वाटलं. बदामाएवढी हिरवी, लव आलेली पीचची पिल्लं ती. एप्रिलमध्ये एकेका फांदीला वीस-वीस लगडलेली असतात. त्यातली चार ठेवायची, सोळा खाली. वीतभर अंतरावर एक. हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि स्वतःच्या बोटांनी करणं वेगळं, हे सकाळी आठ वाजता शिडीच्या पाचव्या पायरीवर उभं राहिल्यावर कळतं.

बरं, झाडं तिची नव्हतीच. झाडं होती शेजारच्या साल्वादोरा मावशीची. सेगुरा नदीच्या रहाटावरून पाट निघतो, त्याच्या अलीकडे मावशीची बाग आणि पलीकडे नोएलियाच्या आजोबांची, हिनेस आजोबांची. दोन्हीकडे चाळीस-चाळीस झाडं. चाळीस वर्षं या दोन घरांची एक रीत होती: आपल्या झाडांची विरळणी आपण करायची नाही. आपलं फळ आपल्याला टाकवत नाही, हात आखडतो, मग जुलैत भारानं फांद्या मोडतात आणि फळ अक्रोडाएवढंच राहतं. म्हणून एप्रिल आला की आजोबा शिडी घेऊन पाट ओलांडायचे आणि मावशी तिची शिडी घेऊन उलट्या बाजूला जायची. तोडणीला पहिली पेटी ज्यानं विरळणी केली त्याच्या घरी पोचवायची. भांडण असो, बोलणं बंद असो, शिड्या पाट ओलांडायच्याच. या वर्षीही बोलणं बंद होतं. आजोबांनी पाणीपाळीतली वीस मिनिटं खाल्ली असं मावशीचं म्हणणं, आणि घड्याळ मागे होतं असं आजोबांचं.

पण यंदा आजोबांचा उजवा खांदा निखळला आणि हात गळ्यात बांधला गेला. बार्तोलो मामा अबारान गावात फळं भरायच्या गोदामात कामाला. तो लगेच म्हणाला की शिडीवर चढणारं कुणी उरलं नाही, तर बाग कंपनीला भाड्यानं देऊन टाका, कागद तयार आहेत. यावर नोएलिया म्हणाली की मी आहे ना. सोळा वर्षांची, ईस्टरच्या सुट्टीत मोकळी, आणि गेल्याच महिन्यात शाळेच्या सभेत माईकवर मुख्याध्यापकांशी भांडून मधल्या सुट्टीची दहा मिनिटं वाढवून घेतलेली. तेव्हापासून तिला जगात काहीच अवघड वाटत नव्हतं. आजोबांनी सांगितलं, ठीक आहे, साल्वादोराची झाडं तू कर. तिला काम पसंत पडलं तर रीत पुढे चालेल आणि बाग घरात राहील. नाही पडलं तर मी सही करतो.

म्हणजे सगळं मावशीच्या एका शब्दावर आलं. आणि मावशी सकाळी हिच्या शेजारून शिडी खांद्यावर टाकून गेली तेव्हा "वरून खाली ये, खालून वर जाऊ नकोस" एवढंच बोलली होती. ती माणसांवर शब्द खर्च करत नाही.

बारा वाजेपर्यंत नोएलियाची पाच झाडं झाली. लव मानेवर खाजत होती, बोटं काळी पडली होती, पण ती खूश होती. वळून बघितलं तर झाडं हिरवीगार, भरलेली आणि खाली फारसा कचराही नाही. माझा हात किती हलका, असं तिच्या मनात आलं. शाबासकी द्यायला कुणी नव्हतं म्हणून तिनं ती स्वतःच घेतली. मग ऑम्लेट भरलेला पाव काढला आणि हात धुवायला पाटावर गेली.

हात धुताना तिनं वर बघितलं आणि पाव तसाच राहिला.

आजोबांच्या झाडांखाली जमीन दिसतच नव्हती. बुंध्यापासून पाटाच्या कडेपर्यंत नुसती हिरवी फळं. ओंजळभर नाही, टोपलीभर नाही, गालिचा पसरल्यासारखी. आणि वर झाडं कशी, तर न्हाव्यानं रागात केस कापावेत तशी. फांदीवर इकडे एक फळ, मग मोकळी जागा, मग तिकडे एक. शिडीवर मावशी पाठमोरी उभी, आणि तिच्या दोन्ही हातांतून फळं गारांसारखी पडत होती. टप टप टप. थांबायचं नावच नाही.

ही फळं म्हणजे आजोबांची वर्षभराची कमाई होती. यावर घर चालतं, खतं येतात, तिची सहलीची फी सुद्धा यातूनच येते. आणि ही बाई ते मुठीमुठीनं मातीत घालत होती. का? वीस मिनिटांसाठी. हे डोक्यात आलं आणि मग दुसरं काही येईना.

ती पाट ओलांडून गेली नाही. ओरडली नाही. ती परत फिरली आणि सहाव्या झाडाशी जाऊन उभी राहिली. मग तिचे हात सुटले. सकाळी ज्या बोटांना एक फळ टाकताना दुखत होतं ती बोटं आता फांदी मुळाशी धरून टोकापर्यंत ओढत होती, आणि एका ओढीत सगळी फळं खाली येत होती. हे त्या हिरव्या गालिच्यासाठी. हे आजोबांच्या खांद्यासाठी. अर्ध्या तासात झाड रिकामं झालं. पानं होती, फळ नव्हतं.

मग एकदम शांत झालं. पलीकडची टपटप तेवढी चालू होती. नोएलियानं खाली बघितलं, आपल्या बुटांभोवती, आणि तिला जे वाटलं ते तिला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. वाईट नव्हे. धक्का. आपल्याच हातांकडे बघून बसलेला. एक फळ उचलून तिनं देठ फांदीला लावूनही बघितला. खरंच लावून बघितला.

तेवढ्यात आजोबा आले, डाव्या हातात पाण्याची बाटली घेऊन. झाडापासून दहा पावलांवर ते थांबले.

"हे कुणी केलं?"

तिनं सगळं भडाभडा सांगितलं. पलीकडे बघा, जमीन बघा, मावशीनं काय केलंय ते बघा. आजोबा पाटावरच्या फळीवरून पलीकडे गेले, ती मागोमाग. त्यांनी एक फांदी वाकवली आणि डाव्या हाताचा पंजा ताणून एका फळाजवळ अंगठा ठेवला. करंगळी पुढच्या फळाला टेकली. पुन्हा ठेवला, पुन्हा टेकली. फांदीच्या टोकापर्यंत ते तसेच मोजत गेले, आणि एकदाही चुकलं नाही.

"दरवर्षी असंच असतं," ते म्हणाले. "तू दरवर्षी बागेत जुलैतच येतेस, पेट्या मोजायला."

मग त्यांनी तिला परत नेलं आणि तिच्या पाच झाडांखाली उभं केलं. तिथे एका वितीत पाच-पाच फळं एकमेकांना कोपरं मारत होती. हलका हात म्हणतात तो हा. नोएलियाला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण जमिनीवर फळं होती.

मावशी शिडीवरून उतरून आलेली होती. तिनं रिकाम्या झाडाभोवती एक सावकाश चक्कर मारली, आणि आठवडाभरात पहिल्यांदा आजोबांशी बोलली.

"हिनेस, ही नात आहे का गारपीट?"

आजोबांनी मान खाली घातली. हे आजोबा, ज्यांनी वीस मिनिटं कबूल केली नाहीत, घड्याळवाल्याला घरी आणून घड्याळ मागे असल्याचं सिद्ध केलं, ते म्हणाले की आमचं एक झाड घे, कुठलंही, त्याची सगळी फळं तुझी. नोएलियाला त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धक्का हाच बसला.

"तुझं झाड घेऊन काय करू," मावशी म्हणाली. मग ती नोएलियाकडे वळली. "का केलंस ते सांग. खोटं सांगू नकोस, मला वेळ नाही."

माईक नव्हता, टाळ्या वाजवणारी मुलं नव्हती.

"मला वाटलं तुम्ही सूड घेताय. त्या वीस मिनिटांचा."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा असा झाला, जणू आपल्याच घरात कुणी तिला चोर म्हटलं. "मी याच्याशी चाळीस वर्षांत दीडशे वेळा भांडले असेन," ती हळू म्हणाली. "झाडांशी एकदाही नाही."

मावशीनं शिडी पहिल्या झाडाला लावली आणि नोएलियाला वर जायला सांगितलं, पाचही पुन्हा. बाकीचं काय ते तोडणीच्या वेळी सांगेन म्हणाली. मामाचे कागद तोवर कपाटावर पडून राहिले. त्या दिवशी आणि पुढचे सहा दिवस मावशी आजोबांच्या झाडांचं काम उरकून रोज इकडे येऊन खाली उभी राहायची. नोएलिया वीत टाकायची आणि खुडायची. बोटांना दुखत होतं. दुखलं तरी ती खुडत होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मावशी पेटी घेऊन आली. आजोबा अंगणातल्या टेबलाशी होते, खांदा बरा पण शिडीचं नाव नको. मामाही नेमका आला होता, कपाटावरचे कागद खिशात घालून. मावशीनं पेटी नोएलियासमोर ठेवली. आत एकच पीच होता, लहान मुलाच्या डोक्याएवढा.

"तुझ्या त्या झाडाचा. पानाआड एक राहिला होता," मावशी म्हणाली. "अख्ख्या झाडाचं सगळं त्याला एकट्याला मिळालं. खा."

सगळ्यांसमोर खावा लागला. रस कोपरापर्यंत ओघळला आणि चव मात्र काहीच नाही. आत बाठा फुटून दोन तुकडे झालेला. मावशी तिच्या घशाकडे बघत उभी होती.

"कसा आहे?"

"पाणचट," नोएलिया म्हणाली.

मावशीनं मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग ती मामाला म्हणाली की खिशातलं ते काय आहे त्याला घाम लागतोय, काढून ठेव किंवा फाडून टाक. आणि नोएलियाला म्हणाली, "बाकीच्या एकोणचाळीस झाडांची तुझी पेटी गाडीत आहे. माझ्याच्यानं उचलवत नाही. आणि एप्रिलच्या आत त्या शिडीची पाचवी पायरी बदलून घे, ती करकरते."

नोएलिया हात न धुताच गाडीकडे धावली. पेटी खरंच जड होती. तिच्यानं एकदम उचलवली नाही.