सालीचं तेल आणि कोवळं ऊन

शुक्रीच्या लेकीच्या, दक्षाच्या, मानेवर नायटा उठला आणि तलासरीच्या वसतिगृहातल्या मॅडमनी तिला घरी धाडलं. "बाकीच्या पोरींना लागेल. बरी करून तीन आठवड्यांनी, सोमवारी आणा, दहावीचं प्रॅक्टिकल आहे. नाही आली तर वर्ष गेलं." घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पोर.

मलमाची ट्यूब झाली, भगताचा अंगारा झाला. मग बचत गटात साबण शिकवायला येणाऱ्या जयश्रीताई म्हणाल्या, "लिंबाच्या सालीच्या तेलानं बुरशी हटते म्हणतात. थेंबभर, खोबरेलात, रात्री लाव नि सकाळी धुऊन टाक. पण डॉक्टरला दाखवच." शेवटचं वाक्य शुक्रीनं सोडून दिलं. अडला की माणूस हवं तेवढंच ऐकतो. नाक्यावरच्या सरबतवाल्याकडून तिनं पिशवीभर साली आणल्या, पाट्यावर वाटल्या, फडक्यातून पिळल्या.

आठ दिवसांत खाज खरंच थांबली. पण शनिवारी सकाळी मानेवरचं गुलाबी कडं होतं तिथंच होतं.

शुक्रीचा धीर सुटला. दक्षा तान्ही असताना तेल चोळून उन्हात निजवली की पोर कशी बाळसं धरायची! तिनं तेच केलं. उरलंसुरलं तेल, खोबरेल न घालता, पाची बोटांनी मानेवर चोळलं आणि लेकीला अंगणात बसवलं. कोवळं ऊन कधीच कडक झालं.

"आये, चटकं बसतात."

"बस गं. भिनू दे आत."

रविवारी मान लाल झाली. सोमवारी त्यावर फोड होते. शुक्रीनं ओढणी गुंडाळून लेकीला वसतिगृहाच्या फाटकाशी नेलं. मॅडमनी ओढणी बाजूला केली नि त्यांचा चेहराच पडला. मानेवर पाच काळपट पट्टे उमटले होते.

"दक्षा, खरं सांग. गळा कुणी धरला तुझा?"

"कुणी नाय. ऊन लागलं."

मॅडमचा विश्वास बसेना. मग शुक्रीनं हात उचलून त्या पट्ट्यांवर ठेवला. एकेक बोट जागच्या जागी बसलं.

"मीच केलं, मॅडम. बरं व्हावं म्हणून लिंबाच्या सालीचं तेल चोळून उन्हात बसवलं. मला काय ती शिक्षा करा, पण पोरीला आत घ्या."

मॅडमनी फाटक उघडलं नाही. डॉक्टरांना फोन लावला. "लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात बसलं की कातडी भाजते," पलीकडून उत्तर आलं. आत प्रॅक्टिकलची घंटा झाली, आणि दक्षा रडायला लागली. शुक्रीनं मानेभोवती हात टाकून तिला जवळ ओढलं.

"आये, हात काढ," दक्षा म्हणाली. "दुखतंय."